मिरजेच्या कोबाल्टचा स्थिरांक

१४ जून १९९३, सातारा

‘मराठी शाळांतून शिकून आलेल्या माझ्या मुलींनो आणि मुलांनो, संगणकाच्या दारात तुम्हाला पहिला प्रश्न तुमच्या बुद्धीबद्दल विचारत नाहीत. इंग्लिश येतं का, हा विचारतात. आणि तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडण्याआधी दार लावून घेतात!’

नव्या तुकडीपुढे आज अशी सुरुवात केली. टाळ्या पडल्या. टाळ्या नकोत असं हाताने खुणावलं, पण मनातून हव्याच होत्या. निदान या वहीत तरी खरं लिहावं.

कॉलेजातली तर्कशास्त्राची नोकरी सोडून शाहूपुरीत या दोन खोल्या घेतल्या, तेव्हा वाईचे नातेवाईक म्हणाले होते, विनोदिनी आता यंत्रांपुढे भाषणं करणार. करते आहे. दुपारभर वीज नसते, तेव्हा तर भाषणाशिवाय दुसरं काही करताही येत नाही.

आज चल आणि स्थिरांक शिकवले. पास्कल ही भाषा मला आवडते ती तिच्या शिस्तीसाठी. बेसिक या दुसऱ्या भाषेत कुणीही मध्येच कुठलंही नाव घुसवावं, ती मुकाट चालवून घेते. पास्कल उंबऱ्यातच अडवते. तू कोण, तुझा प्रकार कोणता, तू बदलणार की कायम राहणार? बदलणार असशील तर ‘व्हार’खाली नाव लिही, पुढे प्रकार लिही. कायम राहणार असशील तर ‘कॉन्स्ट’खाली ये. पूर्णांक म्हणून नोंदलेल्या नावात साडेतीन घालायला गेलात तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही; दशांशाला ‘रिअल’ हा प्रकार लागतो. कॉन्स्टला पुढे कुठे नवी किंमत द्यायला गेलात तरी तेच.

उदाहरणं मागितली. क्रांती उठली. ‘बाई, आमच्या दादांचा फौजेतला नंबर कॉन्स्ट. पोस्टिंग व्हार. लेह, जोधपूर, परत लेह. नंबर मात्र अजून पेन्शनीच्या कागदावर तोच.’

मागून कुणीतरी म्हणालं, ‘आणि दादांची मिशी?’

‘मिशी रिअल,’ क्रांती म्हणाली. ‘दशांशात वाढती.’

वर्ग हसून लोळला. मीही.

ही क्रांती म्हणजे धोंडुबाईची मुलगी, दादा म्हणजे तिचे वडील. कोरेगावच्या पलीकडच्या गावात धोंडुबाई आणि मी दारूचं दुकान बंद पाडायला त्याच्यासमोर आडव्या पडलो होतो, तेव्हा ही पोटात होती. नाव माझ्या भाषणातून उचललं. ‘तू बोलून मोकळी झालीस, पोरीला जल्मभर निस्तारायला लागतंय,’ असं धोंडुबाई अजून ऐकवते.

२ सप्टेंबर

अनीशचा प्रोग्रॅम आज मिरजेत बसवला. अनीश माझ्या पहिल्या तुकडीचा. वडील मिरजेत तंबोरे करतात. पोराचा कान तसाच, प्रोग्रॅममध्ये कुठे बेसूर आहे ते त्याला आधी कळतं.

काम लालासाहेबांच्या रुग्णालयाचं. हे सांगलीचे विश्वस्त, धर्मादाय कामात नाव असलेले. त्यांच्याकडे कर्करोगाच्या बायकांना ‘लाईट’ देतात, म्हणजे किरण टाकणाऱ्या कोबाल्टच्या यंत्राखाली निजवतात. डॉक्टर सांगतात, या बाईला रोज इतकी मात्रा द्या. यंत्र मिनिटाला किती देतं तो आकडा माहीत असतो. त्यावरून किती मिनिटं ठेवायचं ते निघतं. हिशेब हाताने करायचा तर सकाळ जाते. तो करणारे पदार्थविज्ञानाचे साहेब आता मस्कतला निघाले आहेत. त्यांच्या जागी बाहेरगावचे एक गृहस्थ महिन्यातून एकदा येऊन सह्या करणार.

रुग्णाचं नाव, वय, मात्रा, गाठीची खोली, मिनिटं, प्रत्येकाचा प्रकार अनीशने नीट नोंदला आहे. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या भाषांतरकाने एकही चूक दाखवली नाही. पास्कलने एकदा होकार दिला की मी निर्धास्त असते. माणसांच्या होकाराबद्दल असं म्हणता येत नाही.

२४ ऑक्टोबर

किल्लारीसाठी कपडे, भांडी गोळा करण्यात पंधरवडा गेला. वहीकडे बघितलं नाही.

काल मिरजेहून फोन. थोडक्यात वाचलो. यंत्राचा आकडा रोज सकाळी तिथला तंत्रज्ञ टाइप करतो. त्याचं दशांशचिन्ह एक घर सरकलं आणि मिनिटं दहापट आली. नर्सने वेळेवर पाहिलं म्हणून, नाहीतर एक बाई भाजून निघाली असती.

अनीश आज पांढराफटक होऊन आला.

‘बाई, रोज विचारायचं म्हटलं की कधीतरी चुकणारच.’

‘मग विचारतोस कशाला? यंत्र एक, त्याचा आकडा एक. कॉन्स्टमध्ये टाक. कुणाचा हातच पोचू देऊ नकोस.’

‘पण जुने साहेब दर महिन्याला वेगळा आकडा लिहायचे. तक्ते आहेत त्यांचे.’

‘वेगळा म्हणजे?’

‘थोडा कमी. प्रत्येक वेळी थोडा कमी.’

मी उडालेच. माझे वडील वाईला पोथ्यांचे पाठ जुळवायचे. नकला करणाऱ्याचा हात कसा घसरत जातो ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. पहिल्याने एक मात्रा सोडली, दुसऱ्याने ती चूक पुढे नेली, तिसऱ्याने तिच्यावर आणखी एक चढवली. एकाच यंत्राचे दरमहा वेगळे आकडे, आणि सगळे एकाच दिशेने घसरलेले! याहून उघड पुरावा कुठला हवा?

‘मूळ पाठ कुठे आहे?’ मी विचारलं.

‘यंत्रात कोबाल्ट भरला तेव्हा कंपनीने दिलेला दाखला आहे.’

‘तोच खरा. बाकी सगळे प्रक्षेप. तो घे आणि कुलूप लाव.’

अनीश थोडा वेळ खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत उभा राहिला. ‘कुणाला विचारून घेऊ का, बाई?’ म्हणाला. मी म्हटलं, साहेब मस्कतला, सहीवाले गृहस्थ सही झाली की गाडी पकडतात, मग विचारणार कुणाला? पटलं असेल तर कर, नसेल तर वाद घाल माझ्याशी.

वाद घातला नाही. या पिढीची हीच खोड आहे, वाद घालत नाहीत. दिवाळीआधी बदल बसेल.

९ मार्च १९९४, सांगली

काल महिला दिनाचं व्याख्यान. सभागृह भरलेलं. लालासाहेबांनी आमच्या वर्गाचा सत्कार केला. म्हणाले, ‘संगणक आल्यापासून आमच्याकडे रांग लवकर सरते. आणि खरं कौतुक असं, की बायकांची कातडी भाजणं फार कमी झालंय. आधी पोट काळं पडायचं, साल निघायची. आता बाई आली तशी घरी जाते.’

मी उत्तरादाखल बोलले. ज्या भाषेत तुमची आई ओवी म्हणते त्या भाषेत विचार करून एका पोराने यंत्राला माणुसकी शिकवली, असं म्हटलं. वाक्य चांगलं झालं. लोक उभे राहिले.

परतीच्या गाडीत अनीश म्हणाला, ‘भाजणं का कमी झालं असेल, बाई?’

‘अचूकपणा,’ मी म्हटलं.

१७ जानेवारी १९९५

धोंडुबाईला गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग आहे.

सकाळी केरबा, तिचे यजमान, दारात येऊन उभे राहिले. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, पाय जुळवून उभा, आणि बोलता येईना. मागून धोंडुबाईच आत आली आणि खुर्चीवर बसली.

‘हे काय सांगणार! मीच सांगती. खालनं रगत जातंय दिवाळीपासनं. डाक्टर म्हणतोय गाठ हाय. आन् आता रडू नगंस, तुजं रडणं भाषणापरीस वंगाळ असतंय.’

‘दिवाळीपासून? आणि आज सांगतेस?’

‘ऊस तोडाय आला हुता. गड्यांचं जेवान कोण बघणार, तुजा संगणक?’

डॉक्टर म्हणाले आहेत, फार पुढे गेलेलं नाही, लाईट घेतली तर बरी व्हायला हरकत नाही. मी म्हटलं, मिरजेलाच जायचं. आमच्याच प्रोग्रॅमवर यंत्र चालतं, तिथे अचूक काम होतं. केरबांना ते ऐकून एकदम धीर आला. मलाही आला.

२२ फेब्रुवारी, मिरज

धोंडुबाईला भेटून आले. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी आहे, तिने चारेक वर्षांपूर्वी इथेच लाईट घेतली होती, आता दुसऱ्या दुखण्यासाठी आली आहे. तिने लुगडं सरकवून दाखवलं. ओटीपोट अजून चामड्यासारखं काळंकुट्ट. ‘आगीत हात घातल्यागत व्हायचं बाय,’ म्हणाली.

धोंडुबाईचं पोट स्वच्छ. थोडी लाली, बस.

‘तुजं यंतर लय मवाळ हाय गं,’ ती म्हणाली. ‘तुज्यासारकं न्हाई.’

केरबा म्हणाले, ‘टायमिंगबी एकदम फौजी हाय, बाई. आत गेली म्हणंस्तवर भाईर.’

मी त्या म्हातारीला संगणकाबद्दल समजावून सांगितलं. पूर्वी हिशेब हाताने करायचे, म्हणून तुम्हाला भाजलं. तिने कौतुकाने मान हलवली.

परत येताना मन भरून आलं होतं. एखादी विद्या शिकवताना तिचा उपयोग कधी आपल्याच माणसाला होईल असं वाटत नाही.

३ एप्रिल

धोंडुबाई घरी. लाईट संपली. क्रांतीने वर्गात कंदी पेढे वाटले.

२६ ऑगस्ट

पुन्हा रक्त जातं आहे. पायाला सूज. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गाठ गेलेलीच नाही, आता पसरली आहे.

‘काहींना लागू पडत नाही,’ ते म्हणाले. ‘अलीकडे जरा जास्तच बघतोय असं. उशिरा येतात ना बायका.’

उशिरा येतात! का येतात उशिरा? ऊस तोडायला आला म्हणून, पोरीचं लग्न निघालं म्हणून, नवऱ्याला सांगायची लाज म्हणून. रक्त वाहत असताना भाकऱ्या थापणाऱ्या बाईला ही समाजव्यवस्था मारते आणि नाव रोगाचं घेते. यावर बोलायलाच हवं. गणपतीच्या व्याख्यानमालांत या वर्षी दुसरा विषय नाही. टिपणं काढायला बसले आहे.

मनात एक गोष्ट राहून राहून येते, धोंडुबाई तशी फार उशिरा गेली नव्हती. डॉक्टरच म्हणाले होते. पण डॉक्टरांचं तरी काय खरं!

३० ऑक्टोबर

निमिष नावाचा तरुण मिरजेहून आला. रुग्णालयाने दिवाळीआधी पदार्थविज्ञानाचा पूर्णवेळ माणूस नेमला, तो हा. कोकणातला, हळू बोलणारा. त्यांच्याकडे प्रोग्रॅमची नुसती चालणारी फाइल आहे. लिहिलेला मजकूर माझ्याकडे, तो त्याला बघायचा होता.

‘मी यंत्र मोजलं,’ तो म्हणाला. ‘यंत्र जितकं देतंय, त्यापेक्षा तुमचा प्रोग्रॅम पुष्कळ जास्त समजतोय.’

‘तुमचं मोजायचं साधन तपासा,’ मी म्हटलं. ‘प्रोग्रॅममध्ये चूक नाही. प्रत्येक नावाचा प्रकार नोंदलेला आहे.’

‘प्रकार बरोबरच असणार. मला किंमत बघायची आहे.’

फाइल उघडली. वरतीच कॉन्स्टखाली पहिली ओळ, कोबाल्टदर. त्याने बोट ठेवलं.

‘हा आकडा कधीचा?’

‘मूळ दाखल्याचा.’

‘म्हणजे ब्याण्णवच्या डिसेंबरचा.’ तो माझ्याकडे वळला. ‘बाई, कोबाल्ट विझत असतो. रोज. महिन्याला शंभरातला एक भाग तरी जातो. यंत्र दुबळं होत जाईल तसं बाईला जास्त वेळ खाली ठेवावं लागतं. तुमचा प्रोग्रॅम दोन वर्षं पहिल्या दिवसाचीच मिनिटं सांगतोय.’

मी विचारलं, ‘किती कमी पडलं?’

‘आज मोजलं तर जवळजवळ तिसरा हिस्सा.’

‘आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये?’

‘चौथा हिस्सा. कुणासाठी विचारताय?’

मी उठले. पाणी प्यायला आत गेले. बाहेर आले तेव्हा तो तसाच पडद्याकडे बघत बसला होता.

‘बायकांची कातडी भाजायची थांबली,’ तो म्हणाला, ‘हे कुणालाच खटकलं नाही?’

३१ ऑक्टोबर

अनीशने हे केलं. माझ्या वर्गातून शिकलेल्या पोराने, न विचारता, एक आकडा उचलून कायमचा ठोकला.

पुण्याला, तो यंदा नोकरीला लागला त्या कंपनीत फोन लावला. कोपऱ्यावरच्या बूथमधून, दार लावून. सगळं सांगितलं. अनीश म्हणाला, ‘बाई, मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मूळ पाठ खरा, बाकीचे प्रक्षेप.’

मी असं म्हटलं असणं शक्य नाही. सारं आयुष्य मी मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं. उलट त्यानेच वाद घातला नाही. हे मी त्याला सुनावलं.

‘हो, बाई,’ तो म्हणाला. मीच फोन ठेवला.

८ नोव्हेंबर, सांगली

विश्रामबागला लालासाहेबांच्या घरी गेले. निमिष बरोबर होता.

मी तयारीने गेले होते. लालासाहेबांनी मला पूर्ण बोलू दिलं.

‘झालं?’ ते म्हणाले. ‘आता ऐका. आकडा बदलला. कालपासून प्रत्येक बाईला बरोबर मात्रा मिळते.’

‘आणि परवापर्यंतच्या?’

‘त्यांचं काय करायचं म्हणता?’

‘बोलवायचं. सगळ्यांना. तपासायचं.’

निमिषने सांगितलं, नुकतीच लाईट संपलेल्या काही जणींना उरलेली मात्रा देता येईल, काहींवर शस्त्रक्रिया होऊ शकेल. रोग परत येतोय की नाही, हे लवकर कळलं तरच. पुढे गेला तर हातात काही नाही.

‘विनोदिनीताई,’ लालासाहेब म्हणाले, ‘तुम्ही बोलायला उभ्या राहिलात की गाव पेटतं, मी पाहिलंय. तुमचं ऐकून उद्या खेड्यापाड्यात बायका म्हणतील, मिरजेची लाईट खोटी. ज्या बाईला आज गाठ आहे ती येणारच नाही. ती घरात मरेल. ती कुणाच्या नावावर मांडायची?’

मी पिशवी उचलून उठले.

दाराशी ते हळूच म्हणाले, ‘त्या पोराचाही विचार करा. पुण्यात नुकता स्थिरावलाय.’

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, मला त्यांचं म्हणणं पटावंसं वाटतं आहे. त्यात थोडी सोय होती. अनीश वाचतो, वर्ग चालू राहतो, आणि गप्प बसण्याला समाजहिताचं नाव मिळतं. दारूच्या दुकानदाराने असा युक्तिवाद केला असता तर मी त्याला भर चौकात उभा सोलला असता. आज खिडकीबाहेर बघत बसले.

१५ नोव्हेंबर

धोंडुबाईकडे गेले. दार ढकललं की वास येतो. क्रांती उशाशी बसून होती. केरबा भिंतीला टेकलेले.

सांगायचं असं ठरवून गेले नव्हते. तिने विचारलं, ‘आशी का बसलीस, तोंडात मूग धरल्यागत?’ आणि मग सगळं सांगून टाकलं. कोबाल्ट विझतो, आकडा जुना राहिला, तुला चौथा हिस्सा कमी मिळाला.

क्रांतीने आईचा हात सोडला आणि माझ्याकडे बघत राहिली.

धोंडुबाई छताकडे बघत म्हणाली, ‘म्हंजी भाजलं न्हाई म्हणून मी खूश हुते, त्ये आसं.’

‘हो.’

‘आकडा कुणी बसीवला?’

‘अनीशने.’

‘त्यो तंबोरेवाल्याचा? त्यो पोरगा तुज्या म्होरं पानी पितानाबी इचारून प्यायचा. त्येला कुणी सांगितलं?’

मी तिचं पांघरूण सारखं करायला लागले.

‘ऱ्हाऊ दे,’ ती म्हणाली. ‘मला ठावं हाय. तू बोलाय लागलीस की समोरच्याचं बोलणं आडतंय. माजंबी कितींदा आडलं. मला वाटायचं, शिकलेली हाय, बरुबरच आसंल.’

तिला धाप लागली. क्रांतीने पाणी पाजलं. मग धोंडुबाईने मान माझ्याकडे वळवली.

‘बाकीच्या बाया?’

‘रुग्णालय बोलवत नाही.’

‘मग तू बोलीव की. एवढा तोंडातनं जाळ काढतीस, आजच का इझलीस?’

मी लालासाहेबांचं म्हणणं सांगितलं. बायका घाबरतील, नव्या येणार नाहीत.

‘भ्यायला बाया काय शेरडं हायत? सांग की नीट. यंतर सुदारलं, जा म्हणावं. आन् आधी गेलेल्यांनी परत जा म्हणावं. दोन गोष्टी हायत. दोनीबी कळत्यात आमाला.’ मग डोळे मिटून, ‘माज्या पल्याडच्या खाटंवर खंडाळ्याची एक पोर हुती. दोन लेकरांची आई. तिला कोण सांगणार?’

निघताना केरबा अंगणापर्यंत आले.

‘फौजेत चुकीचा हुकूम गेला,’ ते म्हणाले, ‘तर ज्यानं दिला त्योच माघारी घेतोय. दुसऱ्याचं कुणी ऐकत न्हाई, बाई.’

१८ नोव्हेंबर

निमिषबरोबर बसून प्रोग्रॅम नव्याने लिहिला. दर आता चल आहे. तो दिवसागणिक तारखेवरून निघतो, कुणी टाइप करायचा नाही आणि कुणी गोठवायचाही नाही. कायम राहतो तो कोबाल्ट अर्धा होण्याचा काळ, सव्वापाच वर्षांच्या आसपास. तेवढा एकच स्थिरांक त्यात होता. मी त्याच्या शेजारचा उचलला.

क्रांती आली. ओळ दाखवा म्हणाली. दाखवली, जुनी आणि नवी. तिने दोन्ही वाचल्या.

‘जुन्या ओळीला पास्कलनं काहीच म्हटलं नाही?’

‘नाही. तिला प्रकार कळतो. किंमत जुनी झाली ते कळत नाही.’

‘मग ते कुणी बघायचं असतं?’

वर्गात मी या प्रश्नावर तासभर बोलले असते.

अनीशला पत्र टाकलं. ‘तू विचारलं होतंस. मीच तसं सांगितलं होतं.’ आणखी लिहायला बसले होते, पण पुढचं सगळं भाषणासारखं होत गेलं. फाडलं. या दोन ओळीच पाठवल्या.

२३ नोव्हेंबर

धोंडुबाई कुणाला ओळखत नाही. काल एकदाच डोळे उघडले आणि क्रांतीला विचारलं म्हणे, ‘बोलली का ती?’

निमिषने एका डॉक्टरीणबाईंना तयार केलं आहे. चार डिसेंबरला, सोमवारी, दोघं रुग्णालयाच्या बाहेरच्या पडवीत बसून आधी लाईट घेतलेल्यांना तपासतील. लालासाहेबांनी हो म्हटलेलं नाही. कुलूप लावायलाही अजून कुणाला पाठवलेलं नाही. निमिषची नोकरी बहुधा जाईल. त्याला तसं म्हटलं तर म्हणाला, ‘बघू.’

२८ नोव्हेंबर, कोरेगाव

धोंडुबाई परवा पहाटे गेली.

उद्या बाजारात बोलायचं. परवा सातारा, मग खंडाळा. लिहिलेलं भाषण मी कधी वाचत नाही. हे वाचणार आहे, कारण यातला एक शब्दही ओघात बदलायला नको आहे. मजकूर असा:

‘पोटाच्या गाठीसाठी मिरजेला जाऊन लाईट घेतलेल्या माझ्या बायांनो, आणि अशा बायांच्या नवऱ्यांनो, लेकांनो, सुनांनो,

मी विनोदिनी. लालासाहेबांच्या रुग्णालयातल्या यंत्राने कुणाला किती वेळ लाईट द्यायची ते एका प्रोग्रॅमवर ठरायचं. तो माझ्या वर्गात लिहिला गेला. त्यातला आकडा दर महिन्याला बदलायला हवा होता. तो बदलू नका, असं मी सांगितलं. लिहिणाऱ्या मुलाने मला विचारलं होतं. दोष त्याचा नाही.

त्यामुळे त्र्याण्णवच्या दिवाळीपासून यंदा सहा नोव्हेंबरपर्यंत तिथे ज्यांनी लाईट घेतली, त्या प्रत्येकीला कमी मिळाली. तुमचं पोट भाजलं नाही, त्याचं कारण हेच. कोरेगावजवळची धोंडुबाई त्याच कमी लाईटवर घरी आली होती. रविवारी पहाटे ती गेली.

यंत्र आता दुरुस्त आहे. ज्यांना नव्याने गाठ झाली आहे त्यांनी बिनघोर जावं. मी आज बोलते आहे ते आधी जाऊन आलेल्यांसाठी. तुमच्यातल्या काही जणींना अजून वाचवता येईल. सगळ्यांना येईल असं मी म्हणणार नाही.

सोमवारी, चार डिसेंबरला, सकाळच्या पॅसेंजरने मिरजेला चला. मी कोरेगावच्या स्टेशनावर उभी असेन. कागद हरवले असतील तरी या. दुखत नसेल, रक्त जात नसेल, बरं वाटत असेल, तरी या. उसाला तोड आली असेल तर तोड राहू द्या. आज इथे न आलेली अशी बाई तुमच्या माहितीत असेल, तर संध्याकाळी तिच्या दारात जा आणि तिला घेऊन या.

सोमवारी सकाळी गाडीत बसा.’